लोकल सुरू, पण लस कुठाय? दोन डोस + १४ दिवसांचं गणित आणि पासाची सगळी कामं

वांगणीकर | ११ ऑगस्ट २०२१, रात्री ९.४०

मुख्यमंत्र्यांनी ८ तारखेला जाहीर केलं की १५ ऑगस्टपासून कोविड लशीचे दोन्ही डोस झालेल्यांना मुंबईच्या लोकलनं जाता येईल, मात्र दुसऱ्या डोसला १४ दिवस उलटलेले हवेत. आजपासून स्टेशनांवर कागद तपासायला पालिकांची माणसं बसली आहेत. एप्रिलपासून सामान्य माणसाला गाडीत पाय ठेवता येत नव्हता, तेव्हा दार किलकिलं झालं याचा आनंदच आहे. पण कॅलेंडर समोर ठेवून हिशेब केला की कळतं, हे दार कोणासाठी उघडलंय.

१५ ऑगस्टला पात्र व्हायचं तर दुसरा डोस १ ऑगस्टपर्यंत झालेला हवा. कोविशील्डमध्ये दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. म्हणजे पहिला डोस ९ मेपर्यंत. १८ ते ४४ वयाचं लसीकरण सुरू झालं १ मेला, तेही मोजक्या सेंटरांवर, आणि १२ मेला राज्यानं ते थांबवलं, कारण साठाच नव्हता. ३० ते ४४ साठी पुन्हा सुरू झालं १९ जूनला आणि १८ च्या पुढच्या सगळ्यांसाठी २२ जूनला.

आता २२ जूनला पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून कोविशील्ड घेतलेला माणूस बघा. ८४ दिवस म्हणजे १४ सप्टेंबर, त्यावर १४ दिवस म्हणजे २८ सप्टेंबर. ज्यानं एक दिवसही उशीर केला नाही, त्यालाही सप्टेंबर संपेपर्यंत गाडी नाही. ज्याला जुलैत स्लॉट मिळाला त्याची ऑक्टोबरला गाठ. कर्जत-कसारा-विरार-डहाणूकडून रोज मुंबई गाठणारा, नोकरी टिकवायची म्हणून धडपडणारा बहुतेक माणूस याच वयाचा आहे.

धागा दोन गोष्टींसाठी काढलाय. पात्र असलेल्यांना पास काढताना काय अडचणी येतात त्या एका जागी याव्यात. आणि जे पात्र नाहीत त्यांना लस लवकर कशी मिळेल, याची नेमकी माहिती जमावी. सेंटरवर, खिडकीवर काम करणाऱ्यांनी जरूर लिहा.

---

खिडकी_तीन | ११ ऑगस्ट, रात्री १०.२५

पासाचं सांगतो, उद्या सकाळी लोक येतीलच.

सोबत आणायचं: अंतिम प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स आणि फोटो असलेल्या ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स. शिवाय अस्सल ओळखपत्र. वेळ सकाळी ७ ते रात्री ११. पालिकेचा माणूस प्रमाणपत्रावरचा क्यूआर स्कॅन करतो, ओळखपत्राशी नाव आणि फोटो जुळवतो आणि कागदांवर शिक्का मारतो. शिक्का घेऊन तिकीट खिडकीवर जायचं, तिथे फक्त महिन्याचा पास मिळतो. रोजचं तिकीट नाही, हे घरूनच डोक्यात ठेवून या. एका दिवसाच्या कामासाठी येणाऱ्यांचा तिथेच हिरमोड होतो.

माणूस परत का जातो, याची कारणं:

पहिलं, प्रमाणपत्र एकाच डोसचं असतं. वर 'अंतिम' असा उल्लेख आहे का आणि दोन्ही डोसांच्या तारखा आहेत का ते बघा. पहिल्या डोसनंतरचं तात्पुरतं प्रमाणपत्र दिसायला जवळपास तसंच असतं.

दुसरं, क्यूआर वाचला जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला फोटो प्रिंट केला, त्याची पुन्हा झेरॉक्स काढली, की चौकोनाच्या बारीक ठिपक्यांचा एकच काळा डाग होतो. कोविनवरून, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवरून, पीडीएफ उतरवा आणि थेट तीच छापा. झेरॉक्स काढताना पान लहान करू नका. पीडीएफ मोबाइलमध्येही असू द्या, कागद वाचला गेला नाही तर पडद्यावरून स्कॅन होतो.

तिसरं, तारीख. १४ दिवस पूर्ण झालेले हवेत. तेराव्या दिवशी आलेल्याला सोडायचा अधिकार खिडकीवरच्या माणसाला नाही. भांडून दोघांचाही वेळ जातो.

---

अनघा_पीएसएम | ११ ऑगस्ट, रात्री ११.१०

वांगणीकर, तुमचं गणित बरोबर आहे. त्यामागचं वैद्यकीय कारणही लिहिते, कारण '८४ दिवस म्हणजे नुसता तुटवडा लपवायची युक्ती' असं सरसकट बोललं जातंय.

कोविशील्डचं अंतर आधी ४ ते ६ आठवडे होतं. मार्चमध्ये ६ ते ८ झालं, १३ मेला १२ ते १६. ही लस शोधणाऱ्या ऑक्सफर्डच्या मूळ चाचण्यांत दुसरा डोस सहा आठवड्यांच्या आत दिलेल्यांमध्ये परिणामकारकता ५५ टक्क्यांच्या आसपास होती, आणि बारा किंवा जास्त आठवडे थांबलेल्यांमध्ये ८१ च्या आसपास. म्हणजे अंतर वाढवण्याला आधार आहे.

पण त्या चाचण्या कोरोनाचा डेल्टा हा नवा प्रकार येण्याआधीच्या. इंग्लंडच्या आकडेवारीत डेल्टाविरुद्ध या लशीच्या एका डोसचं संरक्षण ३० टक्क्यांच्या आसपास भरतं, दोन डोसांचं ६७. म्हणूनच ब्रिटननं मेमध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी अंतर १२ आठवड्यांवरून ८ वर आणलं. त्याच आठवड्यात आपण वाढवलं.

प्रवासाला दोन डोस मागणं शास्त्राला धरून आहे. अंतर लांबवणंही समजण्यासारखं आहे. पण दोन्ही एकाच माणसावर एकाच वेळी लादले की पहिला डोस घेऊनही तो १४ आठवडे घरात अडकतो. त्या १४ आठवड्यांसाठी सरकारनं काही पर्याय द्यायला हवा होता: ठरावीक वेळेत प्रवास, जसा फेब्रुवारीत पहिल्या गाडीपासून सकाळी ७, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर होता. तो पर्याय या वेळी विचारातसुद्धा घेतलेला दिसत नाही, याचं फार वाईट वाटतं.

परदेशी शिक्षण किंवा नोकरीसाठी जाणाऱ्यांना ७ जूनपासून २८ दिवसांनी दुसरा डोस मिळतो. म्हणजे २८ दिवसांचा डोस असुरक्षित नाही, हे धोरणानंच मान्य केलंय.

---

कुपी | १२ ऑगस्ट, दुपारी ३.०५

सेंटरवरची बाजू लिहिते. 'लस शिल्लक असून परत पाठवलं' ही तक्रार रोजची आहे, तिचं मूळ व्हायलमध्ये, म्हणजे लशीच्या बाटलीत, आहे.

कोविशील्डची एक व्हायल ५ मिलीची, प्रत्येकी ०.५ मिलीचे १० डोस. झाकण फोडलं की ४ तासांत संपवायची. लेबलवर उघडल्याची वेळ लिहावी लागते, वेळ टळली की आत चार डोस असले तरी टाकून द्यायची. म्हणून दिवसाच्या शेवटी तीन माणसं उभी असतील तर आम्ही थांबतो. दहा जमली नाहीत तर उद्या या म्हणतो. त्या सिस्टरला शिव्या देऊन उपयोग नाही, वाया गेलेल्या प्रत्येक डोसचा हिशेब तिला द्यावा लागतो.

यातून तुम्ही करायचं काय? सेशन संपायच्या आधी अर्धा-पाऊण तास एकट्यानं येऊ नका. घरातले, शेजारचे, कामावरचे मिळून पाच-सहा जण या. नाहीतर सकाळी पहिल्या तासात या, तेव्हा व्हायल उघडायला कोणी मागेपुढे पाहत नाही.

दुसरं, बोर्डावर साठा दिसतो त्यातला किती कोणासाठी ते विचारा. पुरवठा कमी आला की दुसऱ्या डोसवाल्यांना आधी घ्यायचं असतं, कारण त्यांची मुदत चाललेली असते.

तिसरं, चार अंकी कोड. स्लॉट घेतला की मेसेजमध्ये येतो. लोक तो फाटकावरच सांगून टाकतात. तो फक्त नोंद करणाऱ्याला, टोचायच्या वेळी सांगा. मेमध्ये हा कोड आला याचं कारणच हे की स्लॉट घेऊन न आलेल्यांच्या नावावर 'लस घेतली' अशी नोंद होत होती.

आणि खुर्चीवर ३० मिनिटं बसायचं म्हणजे बसायचं. बाहेर कितीही घाई असो. गंभीर ॲलर्जी आली तर बहुधा याच वेळात येते, आणि त्यावरचं ॲड्रेनलिन आमच्याकडे आहे, रिक्षात नाही.

---

वांगणीकर | १२ ऑगस्ट, सायं. ७.३०

कुपीताई, फार उपयोगी लिहिलंत. एक विचारू का? उद्या सेंटर उघडं असणार की नाही हे आदल्या रात्रीपर्यंत का कळत नाही?

---

कुपी | १२ ऑगस्ट, रात्री ८.१५

कारण आम्हालाही कळत नाही. माल राज्याच्या साठ्यातून विभागाला, तिथून जिल्ह्याला किंवा पालिकेला, मग सेंटरला. मुंबईत कांजूरमार्गला येतो. खोकी मोजून, बॅच नंबर चढवून वाटप ठरायला संध्याकाळ होते, ते ठरल्यावरच सेशन कोविनवर टाकता येतं. साठा नसताना स्लॉट उघडले तर सकाळी दोनशे माणसं फाटकावर आणि आत रिकामं आयएलआर (लशीचा फ्रिज). म्हणून मुंबईत संध्याकाळी सहानंतर बघत राहणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणा.

लस हडपसरला बनते आणि पुण्यातलीच सेंटरं साठा नाही म्हणून बंद राहतात, हे लोकांच्या पचनी पडत नाही. कोणाच्या पडेल? पण उत्पादनातला वाटा केंद्र ठरवतं. २१ जूनपासून ७५ टक्के केंद्र घेतं आणि राज्यांना वाटतं, २५ टक्के खासगी रुग्णालयांना.

---

हॉटेल_गल्ला | १३ ऑगस्ट, सकाळी ११.२०

उपाहारगृहांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. १५ तारखेपासून रात्री १० पर्यंत परवानगी, निम्मी आसनं, आणि कामगारांचे दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेले. आतापर्यंत राज्याच्या कोविड निर्बंधांतल्या तिसऱ्या स्तराच्या नियमात दुपारी ४ ला शटर ओढावं लागत होतं, म्हणजे रात्रीच्या जेवणाचा धंदा शून्य. तेव्हा सूट हवीच होती. पण वाढपी, मोरीवाले, भटारखान्यातली पोरं बहुतेक १८ ते ३० वयाची. वरचा वांगणीकरांचा हिशेब त्यांनाही लागू. नियमानं आज पूर्ण लसवंत कामगार आणायचे कुठून?

खासगीत विकत घ्यायचं तर कोविशील्ड ७८० रुपये: ६०० लशीचे, ३० जीएसटी, १५० रुग्णालयाचा आकार. कोव्हॅक्सिन १४१०, स्पुटनिक ११४५. १२ कामगारांचे कोविशील्डचे दोन्ही डोस म्हणजे १८,७२० रुपये. दीड वर्ष बंद गल्ल्यातून काढायचे. तरी काढू, पण पैसे टाकूनही ८४ दिवस सुटत नाहीत, पोर्टल दुसऱ्या डोसची नोंदच घेत नाही.

कोव्हॅक्सिन २८ दिवसांनी पूर्ण होते. आज पहिला डोस घेतला तर १० सप्टेंबरला दुसरा आणि २४ ला माणूस कामावर. ज्यांनी अजून एकही डोस घेतला नाही त्यांच्यासाठी हाच जवळचा रस्ता, मिळाली तर.

---

सोसायटी_चिटणीस | १३ ऑगस्ट, दुपारी १.४५

@हॉटेल_गल्ला, कामाच्या जागी सेशन लावता येतं, पण नियमात साधारण १०० इच्छुक माणसं लागतात. एका हॉटेलाचं जमणार नाही. एका गल्लीतली आठ-दहा हॉटेलं, किराणा दुकानं, सलून मिळून यादी केली तर रुग्णालय तयार होतं.

मात्र मध्यस्थामार्फत कधीच करू नका. कांदिवलीच्या सोसायटीतलं बनावट शिबिर मेमध्येच झालंय. तिथे लोकांना प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावानं आली, तेव्हा संशय आला. म्हणून: रुग्णालयाशी थेट पत्रव्यवहार, पैसे रुग्णालयाच्या खात्यावर, रोख नाही. शिबिराच्या दिवशी व्हायल सीलबंद आहे का बघा, लेबलचा फोटो घ्या. लॅपटॉपवर नोंद तिथल्या तिथे होते की नाही ते बघा. 'प्रमाणपत्र नंतर येईल' म्हणाले तर पहिल्या माणसालाच टोचू देऊ नका. सेशनची माहिती आपल्या वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याला आधी कळवा, तो खरं-खोटं लगेच सांगतो.

---

धडगावहून | १४ ऑगस्ट, रात्री ९.००

मुंबईच्या पासावर चर्चा चाललीय, चालू द्या, गरजेची आहे. पण सातपुड्यातलीही दोन वाक्यं असू द्यात. पाड्यावर रेंज नाही तिथे ओटीपी यायचा कुठे? मेमध्ये १८-४४ साठी फक्त ऑनलाइन ठेवलं तेव्हा पालघर आणि पुणे ग्रामीणमधल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे स्लॉट शहरातल्या लोकांनी काही सेकंदांत भरले. गावातली माणसं दारात उभी आणि आत गाड्या घेऊन आलेले. शहरवाल्यांचाही दोष नाही, त्यांना जिथे मिळाली तिथे ते गेले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा आली तेव्हा कुठे जरा जमलं.

इथे लस पोचवायची तर आठवडी बाजाराचा दिवस धरावा लागतो, आशाताईनं आधी घरोघर फिरून पावरीत, भिलीत समजावावं लागतं, आणि व्हायलला दहा माणसं एकाच पाड्यावर जमवावी लागतात. पेटीतल्या बर्फाच्या पॅकनं दिवस निघतो, त्यापुढे नाही. शिवाय पेरणी-निंदणीच्या दिवसांत ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडते, ही भीती खरी आहे. पॅरासिटामॉलच्या गोळ्या हातात दिल्या आणि 'एखाद दिवस अंग दुखेल' हे आधी सांगितलं की माणसं नाही म्हणत नाहीत.

---

नाका_मजूर_मदत | १६ ऑगस्ट, सकाळी ८.१०

आधार नाही म्हणून परत पाठवलं, अशी नाक्यावरच्या मजुरांची तक्रार असते. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

आधारच हवं असं नाही. पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, पेन्शनचं फोटो असलेलं पुस्तक, यांतलं काहीही चालतं.

मोबाइल स्वतःचा हवा असं नाही. एका नंबरावर चौघांची नोंद होते. पण तो नंबर कायम राहणार असेल तोच द्या. ठेकेदाराचा नंबर दिला आणि काम सुटलं, की प्रमाणपत्र त्याच्याकडे अडकतं. आता युनिव्हर्सल पाससाठी (दोन्ही डोस झाल्याचा ऑनलाइन सरकारी पास) ओटीपी त्याच नंबरावर जातो, तेव्हा हे फार महागात पडतंय.

एकही कागद नसलेल्यांसाठी केंद्राची ६ मेची कार्यपद्धती आहे: भटके, भिकारी, वृद्धाश्रमातले, रस्त्यावर राहणारे. जिल्हा कृती दल यादी करतं, एक जबाबदार माणूस नेमतं आणि त्याच्या मोबाइलवर नोंद होते. हे नेहमीच्या सेंटरवर आपोआप होत नाही. संस्थेनं किंवा नगरसेवकानं लेखी मागणी करून खास सेशन लावून घ्यावं लागतं. अर्जात त्या ६ मेच्या पत्राचा उल्लेख करा, नाहीतर टेबलावरचा माणूस 'असं काही नसतं' म्हणतो.

---

खिडकी_तीन | १८ ऑगस्ट, रात्री ९.५५

युनिव्हर्सल पासबद्दल बरेच जण विचारताहेत. संकेतस्थळ: ईपासएमएसडीएमए डॉट महाआयटी डॉट ओआरजी. कोविनला दिलेला मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, त्या नंबरावरच्या माणसांची नावं येतात. आपल्या नावासमोर पास तयार करा म्हणा, फोटो चढवा. मेसेजमध्ये लिंक येते, ४८ तासांपर्यंत लागू शकतात. तो दाखवला की रांगेत शिक्का घ्यायची गरज नाही, थेट तिकीट खिडकी.

फोटो मागे साधी भिंत, चेहरा सरळ, मास्क न लावता. नाव सापडत नसेल तर नव्वद टक्के वेळा नंबर चुकीचा असतो.

---

अनघा_पीएसएम | ७ सप्टेंबर, दुपारी १२.३०

केरळ उच्च न्यायालयाचा निकाल आलाय. एका कंपनीनं आपल्या कामगारांसाठी लस विकत घेतली होती, पण पोर्टल ८४ दिवसांआधी दुसरा डोस घेऊ देईना. न्यायालयाचं म्हणणं: परदेशी जाणाऱ्याला चार आठवड्यांनी देता, तर इथेच काम करणाऱ्याला लवकर संरक्षण हवं असेल तर ते का नाकारायचं? विकत घेणाऱ्यांना चार आठवड्यांनी घेता यावी अशी सोय पोर्टलवर करा.

लगेच रुग्णालयात धावू नका. पोर्टल बदलल्याशिवाय नोंद होत नाही आणि नोंदीशिवाय प्रमाणपत्र नाही. प्रश्न मात्र अगदी बरोबर जागी विचारलाय. फक्त पैसेवाल्यालाच लवकर, असं व्हायला नको. सरकारी सेंटरवरही तोच पर्याय हवा.

---

कुपी | १६ सप्टेंबर, रात्री ७.५०

मुंबईत उद्या, १७ तारखेला, पालिकेच्या सेंटरांवर फक्त स्त्रियांसाठी सेशन आहे. सकाळी १०.३० ते संध्या. ६.३०. आधी स्लॉट घ्यायची गरज नाही. घरकाम करणाऱ्या ताईंना आजच सांगा, त्यांना सुटी द्या आणि दिवसाचे पैसे कापू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही घेता येते; गरोदर असल्यास सोबत तपासणीचं कार्ड आणा. कोविड होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबा.

---

टिटवाळा_लेडीज | २१ सप्टेंबर, सकाळी ९.१५

मदत हवी. पहिला डोस एका नंबरावर आधारनं झाला, दुसरा दुसऱ्या नंबरावर पॅननं. आता दोन प्रमाणपत्रं आहेत आणि दोन्हींवर 'पहिला डोस'. खिडकीवर घेत नाहीत. आता तिसरा डोस घ्यायचा का?

---

खिडकी_तीन | २१ सप्टेंबर, सकाळी १०.४०

ताई, अजिबात घेऊ नका. हा घोळ खूप जणांचा आहे. कोविनवर लॉगिन करून तक्रार नोंदवायच्या पर्यायात जा, तिथे पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं जोडण्याची सोय आहे. दोन्हींचे लाभार्थी क्रमांक हाताशी ठेवा. नाव, जन्मवर्ष आणि लिंग दोन्हीकडे अक्षरशः सारखं हवं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि पॅनवर नाही, तर आधी नावाची दुरुस्ती करा. दुरुस्ती एकदाच करता येते, म्हणून पाठवण्याआधी स्पेलिंग दोनदा वाचा. लशीचं नावही दोन्हीकडे एकच आहे ना ते बघा. नाही झालं तर १०७५ या हेल्पलाइनला फोन करा, आणि जिथे दुसरा डोस घेतला त्या सेंटरच्या नोंदणी टेबलावर दोन्ही प्रिंट घेऊन जा.

---

धडगावहून | १० ऑक्टोबर, रात्री ८.३०

८ ते १४ ऑक्टोबर राज्यभर 'मिशन कवच कुंडल' ही लसीकरणाची मोहीम चालू आहे. आता साठा आहे, माणसं कमी येताहेत. शहरातल्यांना विनंती: गावाकडच्या नातेवाइकांना फोन करून दुसऱ्या डोसची तारीख विचारा. मेसेज वाचता येत नाही म्हणून ८४ चे सव्वाशे दिवस झालेली माणसं पाड्यापाड्यावर आहेत. मुदत टळली म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, दुसराच घ्यायचा, हेही सांगा.

---

वांगणीकर | ३१ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

आजपासून दोन्ही डोस झालेल्यांना रोजचं तिकीटही मिळतंय. १४ दिवसांची अट तशीच आहे. महिन्याचा पास परवडत नाही म्हणून थांबलेले, रुग्णालयात एकदाच जायचं असलेले, सगळ्यांना कळवा. खिडकीवर पास किंवा अंतिम प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दाखवायचंय.

@टिटवाळा_लेडीज, तुमची प्रमाणपत्रं जोडली गेली का? आणखी दोघींनी तोच प्रश्न विचारलाय, त्यांना किती दिवस लागतील ते सांगता येईल.